क्यूनंतर यू नसलेले छोटे इंग्रजी शब्द कोणते आणि त्यांचे अर्थ काय?

तुमची अडचण अशी की स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं जोडून पटावर इंग्रजी शब्द बनवायचा खेळ, खेळताना हातात क्यू येतो, यू काही येत नाही, आणि यूशिवाय चालणारे छोटे शब्द नुसते घोकले तर दोन दिवसांत विसरतात. म्हणून तुम्हाला अर्थ हवेत. अगदी योग्य मागणी आहे, कारण यातले बरेच शब्द मराठी माणसाला आधीपासून येतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते ओळखू येत नाहीत एवढंच.

आधी हे शब्द वेगळे का दिसतात ते सांगतो. जुन्या इंग्रजीत 'क्व' हा उच्चार सी-डब्ल्यू असा लिहायचे, क्वीनसुद्धा. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांची राजवट आली, तेव्हा लेखनिकांनी फ्रेंच वळणाने तिथे क्यू-यू आणलं आणि ती जोडी कायमची बसली. त्यामुळे ही जोडी जिथे नाही तो शब्द बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो, आणि सगळ्यात जास्त अरबीतून. अरबीत 'क' दोन आहेत. एक आपल्यासारखा, दुसरा पार पडजिभेजवळून काढायचा. रोमन लिपीत पहिल्याला के दिला आणि दुसऱ्याला क्यू. हे एकदा लक्षात आलं की पुढचं फार सोपं आहे.

क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. 'झ'च्या जागी डी कसा, असं वाटेल. मूळ अरबी अक्षराचा उच्चार अरब लोक 'द'च्या जवळचा करतात आणि फारसीत तो 'झ' होतो. रमदान आणि रमझान हा फरक त्याच अक्षरामुळे आहे. आपल्याकडे शब्द फारसीतून आला, इंग्रजीने अरबी रूप उचललं. हाच शब्द सी किंवा के लावूनही चालतो, म्हणजे क्यू नसतानाही कामाचा.

क्यू-ए-आय-डी इथे मात्र जपून. हा 'कैद' वाटतो, पण नाही. हा म्हणजे म्होरक्या, उत्तर आफ्रिकेतला मुस्लिम सरदार किंवा अधिकारी. जिनांच्या 'कायदे-आझम' या बिरुदातला 'कायद' तो हाच. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, एन-आय-क्यू-ए-बी म्हणजे चेहरा झाकणारा नकाब. टी-ए-एल-ए-क्यू हा तलाक आणि डब्ल्यू-ए-क्यू-एफ हा वक्फ. यांना वेगळा अर्थ सांगायची गरजच नाही.

क्यू-ए-टी हे एका झुडपाचं नाव. येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागांत याची कोवळी पानं तरतरीसाठी चघळतात. पानं वाळली की त्यातलं उत्तेजक द्रव्य कमी होत जातं, म्हणून ती ताजीच लागतात. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे डोंगरपायथ्याचं भूजल नुसत्या उतारावर दूरच्या शेतापर्यंत नेणारा जमिनीखालचा बोगदा. इराणमधल्या अशा काही बोगद्यांना २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

क्यू-ओ-पी-एच माझा सगळ्यात आवडता. हे हिब्रू वर्णमालेतलं एकोणिसावं अक्षर. रोमन क्यू, अरबीतला तो घशातला 'क' आणि हे हिब्रू अक्षर, तिघांचा पूर्वज एकच, फिनिशियन या प्राचीन लिपीतला. म्हणजे हा शब्द लावताना तुम्ही क्यूच्या सख्ख्या भावंडाचं नाव लिहीत असता.

आता दोन अक्षरी एकमेव शब्द, क्यू-आय. उच्चार 'ची'. चिनी विचारातली प्राणशक्ती, शरीरात खेळणारी ऊर्जा. १९५८ मध्ये चीनने पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली आणि त्यात 'च'सारख्या एका ध्वनीसाठी क्यू वापरला, त्यातून हे स्पेलिंग आलं. के-आय आणि सी-एच-आय हीसुद्धा त्याच शब्दाची रूपं आणि दोन्ही खेळात चालतात. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत क्यू-आय २००६ मध्ये आला आणि क्यू हे ओझं न राहता संधी झाली. हिशोब बघा. क्यूचे गुण १०. तो अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात पडला तर ३०, आयचा १, एकूण ३१. क्यूच्या खाली पटावर आधीच एक आय असेल आणि उजवीकडे तुम्ही दुसरा ठेवलात, तर शब्द आडवा आणि उभा दोन्हीकडून लागतो आणि एका खेळीत ६२ मिळतात. उलट क्यू हातात राहिला आणि समोरच्याने आपली सगळी अक्षरं आधी संपवली, तर तुमचे १० जातात आणि त्याला १० मिळतात. म्हणून उघडा आय दिसला की मी मोठ्या शब्दाची वाट बघत नाही.

बाकीचे थोडक्यात. टी-आर-ए-एन-क्यू हे गुंगीच्या औषधाच्या लांबलचक इंग्रजी नावाचं छोटं रूप. मूळ नावातला यू कापताना गळाला. क्यू-ए-पी-आय-के हे अझरबैजानचं सुटं नाणं, तिथल्या 'मनात' नावाच्या चलनाचा शंभरावा भाग. यू-एम-आय-ए-क्यू ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची चामड्याने मढवलेली उघडी होडी.

खेळायला बसण्याआधी कोणती यादी धरायची ते मात्र ठरवून घ्या. कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाची यादी मोठी आहे, अमेरिकेची लहान. वक्फसारखे शब्द पहिलीत आहेत, दुसरीत नाहीत. आणि इराक, कतार यांचा मोह होतो, पण विशेषनामं दोन्हीकडे बाद.