तीन पिढ्यांना घेऊन परदेशात जायचंय. समुद्र, डोंगर आणि जंगल एकाच सहलीत कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरअखेर चौदा जण निघणार, त्यात पंचाहत्तरीचे आजोबा, गुडघ्यांनी बेजार झालेल्या आत्या आणि प्राथमिक शाळेतली मुलं, आणि हाताशी आठ दिवस. माझं उत्तर श्रीलंका. आम्ही सासरची सगळी मंडळी अशीच गेलो होतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. घड्याळ बदलावं लागत नाही, त्यामुळे आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा तशाच राहतात. देश महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यात २,५२४ मीटर उंचीचा पिदुरुतलागला डोंगर आहे, हत्ती-बिबट्यांची जंगलं आहेत आणि चारही बाजूंनी समुद्र आहे. डिसेंबर ते मार्च दक्षिण किनारा शांत असतो, म्हणजे तुमच्या तारखा अगदी जमून आल्या आहेत. हेच तुम्ही मे अखेरीला विचारलं असतं, तर तिकडचा समुद्र खवळलेला असतो म्हणून मी पूर्वेला त्रिंकोमालीकडे जा म्हटलं असतं.

आता नकाशाला भुलू नका. कँडी ते नुवारा एलिया हे ७५-८० किलोमीटर दिसतं, पण घाटरस्त्याने तीन तास सहज जातात. म्हणून आठ दिवसांत चारच मुक्काम ठेवा: कँडी दोन रात्री, डोंगरातलं एल्ला दोन, जंगलासाठी उडावालावे एक आणि समुद्रासाठी उनावटुना दोन. सिगिरियाचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि वाटही उत्तरेकडे वळवावी लागते. तुमच्या माणसांकडे पाहता मी ते सरळ वगळेन.

कँडीला दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर, संध्याकाळच्या पूजेच्या वेळी पाहा. ढोल सुरू झाले की मुलंसुद्धा गप्प उभी राहतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, तेवढं आधी सांगून ठेवा.

कँडीहून एल्लापर्यंत सगळा प्रवास रेल्वेने करा असं सगळीकडे वाचाल. तो सहा-सात तासांचा आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं कंटाळतात. त्यापेक्षा नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्टेशनापर्यंत मिनी बसने चहाचे मळे बघत जा आणि तिथून एल्लापर्यंत रेल्वेगाडीत बसा. अडीच-तीन तासांचा हा टप्पा या रुळांवरचा सर्वांत देखणा भाग आहे. वाटेत पट्टिपोला लागतं, हे देशातलं सर्वांत उंचावरचं स्टेशन, जवळपास १,९०० मीटरवर. त्यानंतर गाडी उतरायला लागते आणि हापुतळेपाशी डोंगराची धार इतकी अरुंद होते की दरी एकदम उघडी पडते. सामान बसमध्येच राहू द्या, चालक एल्लाला येऊन थांबतो. नानू ओयाला चांगलीच थंडी असते, प्रत्येकाचा एक स्वेटर वर ठेवा. दारात लटकून फोटो काढायची तिथे फॅशन झाली आहे आणि त्यात जीव गेलेले आहेत. तुमच्या कॉलेजातल्या भाच्यांना हे घरूनच बजावून न्या.

एल्लाला डिसेंबरात दुपारनंतर पाऊस येतो, तेव्हा चढायचं ते सकाळीच उरका. लिटल अॅडम्स पीक या टेकडीची वाट सोपी आहे, शेवटी तेवढ्या पायऱ्या. रेल्वेचा नऊ कमानींचा पूल १९२१ सालचा, दगड-विटांचा. खाली उतरायची वाट ओली असली की निसरडी होते, पण वरच्या अंगाला चहाची दुकानं आहेत, तिथून बसल्या बसल्या पूल आणि गाडी दोन्ही दिसतात. आत्यांना तिथे बसवा, सोबत कुणीतरी एक थांबा, बाकीचे उतरा. माझा सगळ्यात आग्रह याच गोष्टीसाठी आहे. चौदा माणसांनी प्रत्येक ठिकाण एकत्रच करायचं हा हट्ट धरला की म्हातारी माणसं संकोचाने ओढली जातात आणि तरुण कुढत बसतात. नाश्ता आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, मधला दिवस ज्याच्या त्याच्या पायांच्या ताकदीने.

जंगलासाठी ‘याला’ राष्ट्रीय उद्यान की उडावालावे, असं तुम्ही विचारलंय. बिबट्याच पाहायचा असेल तर ‘याला’, पण तिथे एका बिबट्यामागे जीपची रांग लागते आणि तो दिसेलच असं नाही. उडावालावे १९७२ साली जलाशयाच्या कामामुळे विस्थापित झालेल्या प्राण्यांसाठी राखलं गेलं. मोकळं गवताळ रान असल्यामुळे हत्तींचे कळप अगदी सहज दिसतात. मुलं सुळे शोधतील. तिथल्या बहुतेक नर हत्तींना सुळे नसतातच, हे त्यांना आधी सांगितलंत तर ती जास्त बारकाईने बघतात. जीप पहाटे निघतात, उंच असतात आणि हाडं खिळखिळी करतात. आजोबांच्या पाठीला ते झेपणार नसेल तर त्यांना हत्तींच्या पिल्लांच्या संगोपन केंद्रात न्या. वन्यजीव खात्याचं हे केंद्र १९९५ पासून आहे. अनाथ पिल्लांना दूध पाजतात ते लांबून बघायचं, हात लावायचा नाही, कारण पुढे ती रानात सोडायची असतात. हत्तीवर बसवणारी किंवा साखळदंडातल्या हत्तीला आंघोळ घालू देणारी ठिकाणं मात्र टाळा. मुलांनी ते बघू नये असं मला मनापासून वाटतं.

उनावटुनाची खाडी त्याच किनाऱ्यावरच्या मिरिस्सा गावापेक्षा पोहायला बरी, लाटा कमी. गॉलचा किल्ला जवळच आहे, त्याच्या तटावरून संध्याकाळी आजोबासुद्धा आरामात फिरतील. निळे देवमासे बघायला मिरिस्साहून सकाळी बोटी सुटतात. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून ते इतक्या जवळ येतात. बोट खूप हेलकावते, ज्यांना बस लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी घ्यावी किंवा किनाऱ्यावरच राहावं. देवमाशांच्या पुढ्यात बोट घालणारा नावाडी असेल तर त्याला पैसे देऊ नका.

शाकाहारी मंडळींची काळजी नको, भात, परिप्पू म्हणजे वरण आणि चार भाज्या कुठेही मिळतात. फक्त नारळाच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, सुकवलेल्या माशाचा चुरा असतो, तो न घालता करायला सांगावं लागतं. दक्षिणेत रस्त्याकडेला मातीच्या गाडग्यात म्हशीचं दही मिळतं, वर कितुलचा पाक. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. आमच्याकडे सासूबाईंनी रोज दुपारी तेच मागितलं.

ईटीए, म्हणजे देशात यायचा आगाऊ परवाना, ऑनलाइन काढावा लागतो, नियम आणि शुल्क बदलत असतं, सरकारी संकेतस्थळावरच बघा. रेल्वेची राखीव तिकिटं खुली झाली की भराभर संपतात, चौदा जागा एका डब्यात हव्या असतील तर त्याच दिवशी काढा. डोंगरात दरडी कोसळून तो मार्ग बंदही पडतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात चौकशी करून मिनी बसनेच एल्लापर्यंत जायचा बेत तयार असू द्या. परतीचं विमान संध्याकाळनंतरचं घ्या, म्हणजे उनावटुनाहून न्याहारी करून द्रुतगती मार्गाने सावकाश पोहोचाल.