कॅलिफोर्नियात मोटरसायकलवर फास्टट्रॅकचा टॅग (तिथला टोल आपोआप भरणारं छोटं उपकरण) कुठे लावायचा?

विंडशील्ड असेल तर तिच्यावर. नसेल तर सरळ जॅकेटच्या छातीवरच्या खिशात ठेवा, कायद्याने चालतं. तिथल्या वाहन कायद्याच्या कलम २३३०२ मध्ये दुचाकीस्वारांसाठी खिसा, पेट्रोलच्या टाकीवरची जाळी, गाडीचा सामानाचा कप्पा हे सगळे पर्याय दिलेत. अट एकच: टोलच्या यंत्राला टॅग वाचता आला पाहिजे.

म्हणूनच ॲल्युमिनियमच्या साइड बॉक्समध्ये तो अजिबात ठेवू नका. टॅगचं काम रेडिओ लहरींवर चालतं आणि धातू त्या अडवतो. खिशातही टॅगसमोर मोबाईल किंवा किल्ल्या नकोत. हँडलला टेपने चिकटवलेला टॅग कधी गळून पडेल सांगता येत नाही, शिवाय पावसात भिजतो.

बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) एक्सप्रेस लेनमधून, म्हणजे टोल असलेल्या वेगळ्या लेनमधून जाणार असाल तर फ्लेक्स टॅग (गाडीत किती माणसं आहेत ते सांगणारं बटण असलेला टॅग) घ्या आणि बटण ३ वर ठेवा, मोटरसायकलला तिथे टोल माफ असतो. गाडीचा नंबर तुमच्या फास्टट्रॅक खात्यात आजच जोडा. टॅग वाचला गेला नाही तर कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि टोल खात्यातून जातो, दंडाची नोटीस येत नाही.

भारतात राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोलच नाही, त्यामुळे तिकडे फास्टॅग लागत नाही.