बाइकची किरकोळ दुरुस्ती स्वतः करायची आहे, सुरुवात कुठून करू? (स्प्लेंडर, कार्ब्युरेटरवाली)

चेनपासून करा. इंजिनला इतक्यात हात लावू नका.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोटाने चेन वर-खाली हलवा. साधारण २० ते ३० मिलिमीटर ढिली हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. (ते पुस्तक डिकीत न उघडताच पडलेलं असतं, आधी ते वाचा.) चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत जिथे ती सर्वांत ताठ लागेल तिथे मोजा. मग मागच्या चाकाच्या ॲक्सलचा (आसाचा) नट सैल करून दोन्ही बाजूंचे चेन ताणायचे ॲडजस्टर सारख्याच खुणेवर आणा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन फार ताणलीत तर बेअरिंग झिजतात.

दुसरा धडा स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडतो तो. इंजिन थंड असतानाच काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर बघा किंवा पेट्रोल जास्त जातंय. ओलं, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजून आत ऑइल जातंय; ते काम मेकॅनिकचं. बसवताना आधी हातानेच फिरवा, पाना शेवटी. प्लग बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च वाढला.

इंजिन ऑइल बदलणं त्यानंतर. तिथेही ड्रेन बोल्टचे (जो काढून जुनं ऑइल सोडतात) आटे सांभाळा आणि जुनं ऑइल गटारात न ओतता गॅरेजवाल्याला द्या.

पान्यांत कंजूषी नको. स्वस्त पाना नटाचे कोपरे गोल करून ठेवतो.