मेंढ्या घेऊन बाहेर गेलात आणि पीएम किसानचा हप्ता अडकला, तर हे बघा

माण-खटावकडच्या मेंढपाळ मंडळींचे बरेच प्रश्न आलेत, सगळ्यांचा सूर एकच, "साहेब, शेजाऱ्याला हप्ता आला, मला तीन वेळा आला नाही, नमोचाही नाही, मी तर मेंढ्या घेऊन बाहेर होतो, आता काय करू?"

आधी नमोचं सांगतो. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला 6000 हे पीएम किसानच्याच यादीवरून पडतात, त्यामुळं केंद्राचा 2000 चा हप्ता अडकला की तोही अडकतो, त्याच्यासाठी वेगळा अर्ज घेऊन फिरू नका.

आता मोबाईलवर पीएम किसानच्या साइटवर नोंदणी नंबर टाकून स्टेटस बघा. तिथं लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलीय का), ईकेवायसी (आधारवरून ओळख पटलीय का) आणि आधार बँक सीडिंग (आधार खात्याला जोडलंय का) अशा तीन गोष्टी दिसतात, त्यातलं एक जरी 'नो' असलं तरी पैसे येत नाहीत. मेंढपाळांचं बहुतेक वेळा ईकेवायसी अडकतं, कारण ओटीपी जातो घरच्या जुन्या नंबरवर आणि माणूस असतो घाटाखाली वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, लावून बसलेला. सेंटरवर अंगठा द्यायला गेलं तर दोरखंड ओढून आणि लोकर कातरून बोटं इतकी घासलेली असतात की मशीन घेतच नाही, माझ्यासमोर एका आजोबांनी दहाही बोटं लावून बघितली, एकही लागलं नाही. शेवटी पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून पाच मिनिटांत काम झालं. 2023 पासून ही सोय आहे, पण उजेडात उभं राहा, पटका जरा मागं सरकवा.

बँकेचा घोळ मात्र लोकांना पटतच नाही. "पासबुकाला आधार जोडलंय की" म्हणतात. अहो, बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआयला (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) जोडा असं सांगून वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि सगळ्यात शेवटी जे खातं जोडलंय त्यातच पैसे जातात, तुम्ही अर्जात कुठलंही लिहिलेलं असू द्या. एक काकू तीन वेळा ऑफिसात भांडून गेल्या आणि पैसे निघाले पोस्टाच्या खात्यात, पोस्टमननं दारात येऊन उघडून दिलेलं ते खातं त्या विसरूनच गेल्या होत्या!

लँड सीडिंग 'नो' असेल तर ताजा सातबारा, आठ अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात या, आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढला नसेल तर तोही आता काढूनच घ्या. जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधीपासून नावावर पाहिजे. त्यानंतर विकत घेतली असेल तर बसत नाही, वडील वारले म्हणून वारसानं आली असेल तर फेरफार जोडून बसतं. पण वारलेल्या वडलांच्या खात्यात हप्ते पडत असतील तर ते काढू नका, कळवा, नंतर वसुली निघते. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच.

बरेच जण विचारतात, "जमीनच नाही, नुसत्या मेंढ्या आहेत, मग?" पीएम किसान नाही मिळत, हे मला स्वतःलाही पटत नाही पण नियम तसाच आहे, वर्षातले सात-आठ महिने दुसऱ्याच्या रानात मेंढ्या बसवून खत देणारा माणूस कागदावर शेतकरी धरला जात नाही. तुमच्यासाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, भटक्या जमाती क प्रवर्गाला (म्हणजे धनगर समाजाला), 20 मेंढ्या आणि 1 नर, 75 टक्के अनुदान. अर्ज ऑनलाइन, पण वर्षभर उघडे नसतात, तेव्हा जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारत राहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (मोबाईलवर अ‍ॅप बसवणारी) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं. शंका असेल तर पीएम किसानच्या हेल्पलाइनला, 155261 ला फोन करा.

आणि ही सगळी कामं दिवाळीच्या आत उरका, एकदा कळप घाट उतरला की तुम्हाला गाठायचं कुठं आम्ही?