एकाच तोंडात दोन पद्धती का?

प्रश्न : माझं वय ५८. गेल्या वर्षी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर कॅप येते) बसवलं, तेव्हा डॉक्टरांनी पाणी सोडत, थांबत थांबत ड्रिल केलं. आता वरची दाढ बसवायची आहे, तर ते म्हणतात, "इथलं हाड कापायचं नाही, बाजूला दाबायचं." दाबल्याने हाड खराब होणार नाही का? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा आधी हाड बघितलं आणि मग पद्धत ठरवली, हे मला आवडलं. पुष्कळ ठिकाणी ड्रिलचं किट ठरलेलं असतं, जबडा कुठला का असेना.

खालचं हाड टणक, त्यात रक्तपुरवठाही बेताचा. तिथे भीती उष्णतेची. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते, हे स्वीडनमध्ये एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली सशांवरच्या प्रयोगात दाखवलं. म्हणून ते गार सलाईन, ते थांबणं, आणि बारीक ड्रिलपासून जाडकडे जाणं. ड्रिल बोथट झालं की सलाईन असूनही हाड तापतं. कुठलं ड्रिल किती वेळा वापरलं याची वही मी माझ्या असिस्टंटला ठेवायला लावते. ती वैतागते, पण ठेवते.

वरच्या दाढांकडचं हाड मात्र भुसभुशीत. ते कापून काढलं तर स्क्रू पकड कशात घेणार? म्हणून खास ड्रिल उलटं फिरवतात. हाडाचा कीस बाहेर न येता भोकाच्या भिंतींत दाबला जातो आणि सुरुवातीची पकड वाढते. पूर्वी हेच काम हातोडीने ठोकून करत. त्या ठोक्यांनी काहींना नंतर चक्कर यायची.

तुमची शंका अस्थानी नाही. हीच दाबादाबी खालच्या टणक हाडात केली तर हाडाच्या हिरडीलगतच्या कडेचा रक्तपुरवठा कोंडतो आणि इम्प्लांटच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीकडच्या टोकाशी, हाड झिजतं. साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटरची (स्क्रू पिळताना लागणाऱ्या जोराचं हे माप) पकड चांगली मानतात. त्याच्या दुप्पट घट्ट बसवल्याचा अभिमान बाळगणारेही आहेत. मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही.

जागाही महत्त्वाची. शेजारच्या दातापासून किमान दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिलिमीटर अंतर हवं. गालाकडची भिंत पातळ राहिली तर पद्धत कुठलीही असो, हाड उतरतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, तेव्हा सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) तिच्याखाली हाडाची उंची किती आहे, हे नक्की विचारा.

पहिल्या वर्षी मानेपाशी एखादा मिलिमीटर हाड कमी झालेलं दिसलं तर घाबरू नका. त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरू नये. खालच्या इम्प्लांटला वर्ष झालंच आहे, त्याचा एक्स-रे याच भेटीत काढून घ्या. मिश्री किंवा तंबाखू असेल, साखर वाढलेली असेल, तर ते ऑपरेशनआधीच सांगा. आणि वरच्या दाढेच्या कॅपसाठी खालच्यापेक्षा जास्त महिने थांबायला सांगितलं, तर थांबा.