ब्लॉकला चीर गेली, बाटली ओतू का?

प्रश्न: माझ्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनच्या ब्लॉकला बाहेरच्या बाजूनं बोटभर लांबीची बारीक चीर गेली आहे. इंजिन तापलं की तिथून पाणी झिरपतं. स्पेअरवाला म्हणतो, रेडिएटरमध्ये लीक सीलरची बाटली ओता. मिस्त्री म्हणतो, ब्लॉकच बदला. द्राक्षाच्या फवारण्या तोंडावर आल्यात. काय करू?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर: दादा, बाटलीचं झाकण उघडायच्या आधी ऑइलची काडी ओढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी आत ऑइलमध्ये उतरतंय. मग बाटली ओतू नका आणि इंजिनला सेल्फही मारू नका.

त्याचं कारण नीट समजून घ्या. अशा बऱ्याच बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं. पाण्याबरोबर फिरत ते चिरेत शिरतं, तिथं गरम लोखंड आणि बाहेरची हवा लागून त्यातलं पाणी उडतं आणि मागं काचेचा कडक थर धरतो. पाण्याच्या वाटेवर हा थर कामाचा, ऑइलच्या वाटेवर जीवघेणा. २००९ साली अमेरिकन सरकारनं लोकांना पैसे देऊन जुन्या गाड्या मोडीत काढायला लावल्या. ती इंजिनं पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून त्यांतलं ऑइल काढून हेच सोडियम सिलिकेटचं पाणी भरायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे. बाटलीत तेच आहे, हे ध्यानात ठेवा.

ऑइल स्वच्छ असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नसतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर नसेल, तर चीर फक्त पाण्याच्या जॅकेटची, म्हणजे ब्लॉकमध्ये पाणी फिरतं त्या पोकळीची आहे असं धरून चाला. मग हंगाम निभावण्यापुरती बाटली वापरायला माझी हरकत नाही. पण आधीचं कुलंट पूर्ण काढा आणि साधं पाणी फिरवून निवळ येईपर्यंत धुवा. कुलंटमधलं ग्लायकॉल राहिलं तर सिलिकेटचा गाळ होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून ठेवा. किती वेळ चालवायचं, किती वेळ सुकू द्यायचं, हे बाटलीवर लिहिलंय तसंच करा. घाईनं जास्त ओतू नका.

बाटली ही पक्की दुरुस्ती नव्हे. ब्लॉक बदलायचीही मला गरज दिसत नाही. फवारण्या उरकल्या की ब्लॉकचं काम करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपला मेटल स्टिचिंग करून घ्या. चिरेवर ओळीनं भोकं पाडून, आटे काढून, एकमेकांत अडकणाऱ्या पिना बसवतात. यात लोखंड तापवावं लागत नाही, हाच मोठा फायदा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं मात्र नेऊ नका. ब्लॉक बिडाचा असतो. एकाच जागी तापवला की निवताना जोडाशेजारी नवी चीर जाते.

आणि चीर कशानं गेली ते शोधा. तापलेल्या इंजिनात बादलीनं थंड पाणी ओतलं होतं का? रेडिएटरच्या जाळीत पाचोळा अडकलाय का? बोअरचं जड पाणी भरत असाल, तर आत क्षार साचून इंजिन तापत राहणार. स्टिचिंग झाल्यावर ते पाणी बंद करा, कंपनीनं सांगितलेलं कुलंटच भरा, आणि इंजिन तापलंच तर थंड होईस्तोवर रेडिएटरचं झाकण उघडू नका.