वराहपालनात पिल्ले 21 व्या दिवशी आईच्या दुधापासून तोडावीत की दीड महिन्याने, आणि तोडल्यावर त्यांचे वजन का अडते?

तारखेपेक्षा एकच गोष्ट पाहावी: पिल्लू आईच्या अंगावर पीत असतानाच कोरडे खाद्य खाऊ लागले आहे की नाही. जे खात नाही, ते कोणत्याही दिवशी तोडले तरी अडते. मी स्वतः 35 दिवसांच्या बाजूचा आहे.

यावरून माझा आणि माझ्या दाजींचा जुना वाद आहे. पलूसजवळ त्यांच्या मळ्यात यॉर्कशायर जातीच्या डुकरांची शेड आहे. कोणा सल्लागाराने त्यांना सांगितले की, 21 दिवसांत दूध तोडले की मादी आठवड्याभरात माजावर येते आणि वर्षाकाठी वेते वाढतात. माजाचे खरे आहे. परंतु दाजींनी पिल्लांपुढे ठेवले काय, तर घरच्या मक्याचा भरडा आणि घरचेच कच्चे सोयाबीन दळून. पिकवणाऱ्याने पेंड विकत घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निकामी होतो, असे मी सांगितले, तेव्हा ‘आमच्या म्हशी खातात की’ असे उत्तर मिळाले. म्हैस रवंथ करते, डुकराला एकच पोट असते. पुढे हगवण लागली, तेव्हा दोष पावसाला आणि माझ्या तोंडाला दिला गेला.

तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या जठरात पुरेसे आम्ल तयार होत नाही, आणि पिष्ट पचवण्याची ताकदही नुकतीच येऊ लागलेली असते. आई दुरावताच ते दिवस-दोन दिवस जवळजवळ उपाशी राहते, आतड्याच्या आतील बारीक लव आखडते, मग भुकेने एकदम खाल्लेले खाद्य न पचता ई. कोलाय जंतूंच्या कामी येते. वजन अडते ते इथे. म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमारास उथळ भांड्यात 20 ते 22 टक्के प्रथिनांचे क्रीप फीड, म्हणजे दूध पिणाऱ्या पिल्लांसाठीचे खास कोरडे खाद्य, थोडे थोडे आणि रोज ताजे ठेवावे. तोडताना मादी हलवावी, पिल्ले त्याच जागी राहू द्यावीत, आणि त्यानंतर आठवडाभर तरी खाद्य बदलू नये. पाण्याचा निपल पिल्लाच्या तोंडाला येईल एवढाच उंच हवा.

युरोपीय संघाच्या नियमातही किमान मर्यादा 28 दिवसांची आहे. 21 व्या दिवसाची सवलत आहे ती धुऊन निर्जंतुक केलेली वेगळी शेड असणाऱ्यांनाच.

अर्थात मादी फार खंगली असेल किंवा तिचे दूध आटले असेल, तर आधी तोडणे योग्य ठरते, आणि वेतातील मरतुकडे पिल्लू उशिरा तोडावे.

राहिला दाजींचा हिशेब. गाभणकाळाचे 114, दुधाचे 21 आणि माजापर्यंतचे 6 दिवस धरले, तर वर्षाला सुमारे 2.6 वेते होतात. 21 च्या जागी 35 धरले, तर सुमारे 2.35. हा सारा अट्टहास मादीमागे पाव वेतासाठी, म्हणजे दोन-तीन पिल्लांसाठी आहे, आणि तेवढी तर त्यांच्याकडे हगवणीतच जातात.